मदत हवी आहे: घरगुती खर्च पाहणी २०२२-२३ चा ग्रामीण जिनी जुळत नाही

सरकारी पाहणीच्या युनिट डेटावरून (प्रत्येक कुटुंबाच्या मूळ नोंदी) माणशी मासिक खर्च काढतोय. सरासरी जाहीर झालेल्या ३७७३ रुपयांच्या अगदी जवळ येते, पण जिनी (विषमतेचा निर्देशांक: ० म्हणजे पूर्ण समानता, १ म्हणजे कमाल विषमता) जाहीर झालेल्या ०.२६६ पेक्षा वरच राहतो.

भाजी, फळं, अंडी, मांस-मासे, तेल वगैरेंचा ७ दिवसांचा खर्च ३०/७ ने गुणलाय. कपडे, शिक्षण, दवाखान्यात भरती, टिकाऊ वस्तू वगैरेंचा ३६५ दिवसांचा खर्च ३०/३६५ ने. बाकी ३० दिवसांचा तसाच. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या धान्याची व इतर वस्तूंची आरोपित (अंदाजाने लावलेली) किंमत धरलेली नाही (ती धरली की सरासरी ३८६० होते, म्हणजे घोळ तिथला नाही). भारांक (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं तो आकडा) कुटुंबाचा न ठेवता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने गुणून माणशी केलाय. इथेच बहुतेकांची गाडी घसरते.

संशय एकाच जागी आहे. या पाहणीत तीन प्रश्नावल्या तीन भेटींत भरल्या, आणि कुटुंबातल्या माणसांची संख्या प्रत्येकीत स्वतंत्रपणे नोंदली. पहिल्या भेटीत पाच माणसं, तिसरीत चार, असं दिसतं. मी तिन्ही प्रश्नावल्यांतल्या खर्चांची बेरीज करून पहिल्या संख्येने भागलं. प्रत्येक खर्च त्या-त्या भेटीच्या संख्येने भागून मग बेरीज करायची का? ज्यांनी आकडा जुळवलाय त्यांनी एवढं सांगा.

जाता जाता: हा खर्चाचा जिनी आहे. ब्राझीलच्या उत्पन्नाच्या जिनीशेजारी ठेवून 'भारतात विषमता कमी' म्हणणारे तक्ते कृपया उत्तरात टाकू नका. वरच्या थरातली बचत खर्चात दिसतच नाही.