जीबीएसमध्ये प्लाझ्मा एक्स्चेंज पाच-पाच वेळा का?

आयसीयू_नर्सिंग: 2025 च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, यात शरीराचीच प्रतिपिंडं नसांवर हल्ला करतात) साथ आली, तेव्हापासून नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: मशीनने प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) काढून टाकला, मग एकदाच करून का भागत नाही? 60 किलोचा रुग्ण, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) 40 टक्के धरून अल्ब्युमिनचा (काढलेल्या प्लाझ्माच्या जागी द्यायच्या प्रथिनाचा) हिशेबही कोणी मांडून द्याल का?

रक्तपेढी_तंत्रज्ञ: प्लाझ्मा = 0.065 × वजन × (1 − हिमॅटोक्रिट). 0.065 × 60 × 0.6, म्हणजे 2.34 लिटर. हा झाला एक व्हॉल्यूम. 20 टक्के अल्ब्युमिनच्या 100 मिलीच्या 6 बाटल्या आणि 1800 मिली नॉर्मल सलाईन मिळून 5 टक्क्यांचे 2.4 लिटर होतात. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर चुकूनही घेऊ नका, तांबड्या पेशी फुटतात.

आता पाच वेळा का ते. हंड्यातून गढूळ पाणी काढता काढताच वरून स्वच्छ पाणी सोडलं, तर निघणाऱ्या पाण्यात स्वच्छही जातं. म्हणून एका व्हॉल्यूममध्ये रक्तातल्या प्रतिपिंडांपैकी साधारण 63 टक्केच निघतात. शिवाय आयजीजीपैकी (प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार) निम्म्याहून जास्त रक्ताबाहेर, ऊतींमध्ये असतं. ते पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तात उतरतं. त्यासाठीच दिवसाआड करायचं. दीड व्हॉल्यूम बदललं तर 78 टक्क्यांपर्यंत जातं, पण अल्ब्युमिनही दीडपट लागतं.

न्यूरो_रेसिडेंट: नातेवाईकांना हेही सांगा की यात प्रतिपिंडं कमी होतात, इजा झालेली नस दुरुस्त होत नाही. पहिल्या सायकलनंतर पाय हलले नाहीत म्हणून उपचार फसले असं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर फायदा जास्त.

त्रास बहुतेक सायट्रेटचा (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घालतात ते) होतो. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. पण जीबीएसमध्ये मुंग्या आधीच असतात आणि व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोलू शकत नाही, तेव्हा आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम तपासत राहा. कमी आलं तर वेग कमी करा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश द्या. रामिप्रिल, एनालाप्रिल ही बीपीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून किमान 24 तास आधी बंद; अल्ब्युमिनबरोबर बीपी धाडकन पडतं. रोजची औषधं शक्यतो एक्स्चेंज संपल्यावर द्या, नाहीतर काही डोस प्लाझ्माबरोबर पिशवीत जातात.

रक्तपेढी_तंत्रज्ञ: फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) राहिलं. अल्ब्युमिनमध्ये गोठण्याचे घटक नसतात. लागोपाठ सायकलींनंतर फायब्रिनोजेन 100 मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असेल तर मानेतला कॅथेटर काढायची घाई नको. कॅथेटर डायलिसिसचाच, दोन नळ्यांचा हवा. साध्या सेंट्रल लाइनमधून पुरेसा प्रवाह मिळत नाही.

आयसीयू_नर्सिंग: आयव्हीआयजीचे (शिरेतून दिलेल्या, दात्यांच्या प्रतिपिंडांचे) पाच दिवस झाले, सुधारणा नाही. लगेच एक्स्चेंज?

न्यूरो_रेसिडेंट: नको. नुकतंच दिलेलं आयव्हीआयजी तेवढं धुऊन निघेल. दोन्हींचा परिणाम सारखाच आहे, एकापाठोपाठ दुसरं केल्याने जास्त फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. सुरुवातीला एकच निवडा. बीपी आणि नाडी वरखाली होत असेल तर आमचा कल आयव्हीआयजीकडे असतो.