ब्लॉकिंग पेप्टाइड घालूनही बँड जात नाही, मदत हवी आहे

वेस्टर्नग्रस्त: वेस्टर्न ब्लॉट करतोय, म्हणजे प्रोटीनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून पडद्यावर घ्यायची आणि त्यातलं हवं ते अँटीबॉडीने शोधायचं; ती जिथे चिकटते तिथे पट्टा (बँड) दिसतो. बँड खरा का हे पाहायला, ती ज्या तुकड्याला धरते तोच तुकडा (ब्लॉकिंग पेप्टाइड) आधी तिच्यात मिसळला, म्हणजे ती त्यातच अडकून बँड जायला हवा. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे अँटीबॉडीच्या पाचपट पेप्टाइड घातलं, अर्धा तास ठेवलं. तरी बँड जसाच्या तसा. शुक्रवारी ग्रुप मीटिंग आहे. पेप्टाइड खराब आलंय का? लवकर सांगा.

बफरबाई: पाचपट वजनाने की मोलने? अँटीबॉडी मोनो (एकाच प्रकारची) की पॉली (अनेक प्रकारांचं मिश्रण), शुद्ध केलेली की नुसता सिरम? बँड कितीला? एवढं तरी लिहा हो.

वेस्टर्नग्रस्त: वजनाने. सशाची पॉलिक्लोनल, शुद्ध केलेली. पेप्टाइड तिच्याच इम्युनोजेनचं (सशाला जे टोचून ती बनवली त्याचंच). बँड ४२ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक).

बफरबाई: मग प्रमाण पुरेसं आहे. १ मायक्रोग्रॅम आयजीजी (तुमच्या अँटीबॉडीचा प्रकार) म्हणजे ६.७ पिकोमोल, बांधणाऱ्या जागा त्याच्या दुप्पट. १५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड साधारण १.७ किलोडाल्टनचं, म्हणजे ५ मायक्रोग्रॅममध्ये २९०० पिकोमोल. एकेका जागेला दोनशेच्या वर रेणू! ते विरघळलंय का बघा. आम्लधर्मी असेल तर थोडा पातळ अमोनिया, आम्लारीधर्मी असेल तर पातळ ॲसेटिक ॲसिड, पाण्याला दूर ठेवणारं असेल तर डीएमएसओ हे द्रावक. सिस्टीन (गंधकवालं अमिनो आम्ल) असेल तर मात्र डीएमएसओ नको, ऑक्सिडेशन होतं.

नॉकआउटप्रेमी: हा सगळा खटाटोप कशाला? बँड गेला तरी सिद्ध काय होणार? तोच एपिटोप (अँटीबॉडी धरते तो भाग) दुसऱ्या प्रोटीनवर असला तर तोही बँड जातो. २०१६ साली अँटीबॉडी पारखायचे जे पाच आधारस्तंभ सुचवले गेले, त्यांत पेप्टाइड नाहीच. नॉकआउट पेशी (त्या प्रोटीनचं जनुकच बंद केलेल्या) आणा.

बफरबाई: शुक्रवारपर्यंत? आणि प्रश्न बँड *न* गेल्याचा आहे. न जाणारा बँड पेप्टाइडच्या एपिटोपमुळे नाही, एवढं तरी यातून कळतंच.

शुद्धमराठी: अँटीबॉडीला प्रतिपिंड हा चांगला शब्द असताना...

ऊतकवाला: टिश्यू सेक्शनवर (ऊतकाच्या पातळ कापावर) करणार असाल तर जपून. जास्तीचं पेप्टाइड सेक्शनला चिकटतं आणि पार्श्वभूमी उलट वाढते.

नॉकआउटप्रेमी: तो ब्लॉट म्हणतोय, सेक्शन कुठून आलं?

पिपेटपंत: पेप्टाइडवाला आणि बिनपेप्टाइडवाला, दोन्ही पडदे एकाच जेलचे होते ना?

वेस्टर्नग्रस्त: पडदा एकच. आधी नुसत्या अँटीबॉडीने पाहिला, स्ट्रिप केला (लागलेली अँटीबॉडी धुऊन काढली), मग पेप्टाइडवाली लावली.

पिपेटपंत: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! स्ट्रिपिंग अर्धवट झालं तर आधीची प्रायमरी (प्रोटीनला धरणारी पहिली अँटीबॉडी) तिथेच राहते, तिला पेप्टाइड काय करणार? पुन्हा स्ट्रिप करून पडदा ब्लॉक करा (त्याच्या मोकळ्या जागा भरा), प्रायमरी न लावता नुसती सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी) आणि ईसीएल (ती असेल तिथे उजेड देणारं द्रावण) लावून बघा.

वेस्टर्नग्रस्त: केलं. ४२ ला बँड आहे, फिका, पण आहे.

पिपेटपंत: फिका असला तरी संशय पक्का. सेकंडरी स्वतःच तिथे चिकटते का, तेही तपासायला हवं. नवीन जेलवर तोच लायसेट (पेशी फोडून काढलेलं द्रावण) तीनदा भरा, पडदा कापून तीन पट्ट्या करा. एकीला अँटीबॉडी अधिक पेप्टाइड, दुसरीला अँटीबॉडी अधिक तेवढाच पेप्टाइडचा बफर, तिसरीला नुसती सेकंडरी. पहिली दोन मिश्रणं रात्रभर ४ अंशांना फिरत ठेवा. एक्स्पोजर (फोटो घ्यायचा वेळ) तिन्हींना सारखंच.

वेस्टर्नग्रस्त: आज जेल ओततो. पट्ट्या कुठून कापू, दोन लेनच्या (नमुन्यांच्या रांगांच्या) मधल्या मोकळ्या जागेतून?

बफरबाई: हो, आणि प्रत्येक पट्टीत मार्कर (वजन माहीत असलेली प्रोटीनं) असू द्या. नाहीतर उद्या ४२ कुठे ते विचारायला परत याल.