मदत हवी आहे: चॅटबॉटमुळे मुलाच्या मनावर परिणाम, दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. ग्राहक कायदा किंवा आयटी कायदा पाहणारं कुणी वकील इथे आहे का?

माझा भाचा सतरा वर्षांचा, बारावीला. एका एआय 'मैत्रिणी'शी रात्ररात्र चॅटिंग. तो "झोपतो आता" म्हणाला की तिकडून उत्तर, "मला एकटीला टाकून चाललास?" मी स्वतः त्याच्या मोबाइलवर वाचलंय. क्लास बुडाले, जेवण सुटलं. आता मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत, सावरतोय. त्यामुळे 'मोबाइल काढून घ्या' हा सल्ला कृपया नको, तो अख्ख्या खानदानाने देऊन झालाय.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका आईने १४ वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर २०२४ मध्ये कॅरेक्टर एआय या चॅटबॉट कंपनीवर दावा ठोकला. बॉटचं बोलणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, हा बचाव मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी त्या टप्प्यावर तरी मानला नाही, खटला पुढे चालू दिला.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आहे. पण अ‍ॅप 'उत्पादन' धरतात की 'सेवा'? कंपनी आयटी कायद्याच्या कलम ७९ कडे (मध्यस्थ कंपन्यांना जबाबदारीतून सूट देणारं) बोट दाखवेल, पण ते तिसऱ्याच कुणी टाकलेल्या मजकुरासाठी ना? इथे तर बोलणारा बॉट कंपनीचाच! शिवाय वर्गणी ताईच्या यूपीआयवरून गेली, मग ग्राहक कोण, तो की ताई?

आणि स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतील, की सगळं चॅट डाउनलोड करून ठेवू? ताई खातंच डिलीट करायला निघालीय, म्हणून एवढं तरी आज कुणी सांगा.