मदत हवी आहे: निस्पंदापलीकडे ऊर्जा जाते कशी?

नमस्कार मंडळी. बारावीला मेल्डेचा प्रयोग (दोऱ्यावरचे स्थिर तरंग) दाखवतो. कंपकाला बांधलेला दोरा, कप्पीवरून लोंबणारं पारडं. वजन जुळलं की लूप, म्हणजे दोन निस्पंदांमधले (जवळजवळ न हलणाऱ्या बिंदूंमधले) फुगीर भाग, काय सुरेख उभे राहतात!

प्रगामी (पुढे सरकणाऱ्या) तरंगात सगळे कण सारख्याच आयामाने (मध्यापासूनच्या कमाल अंतराने) पण क्रमाक्रमाने हलतात, ऊर्जा पुढे सरकते. हे मुलांना पटतं. स्थिर तरंगात (जाणारा आणि टोकावरून परतणारा तरंग मिळून होतो तो) एका लूपमधले कण एकदमच मध्यातून जातात, आयाम वेगवेगळे. तेही पटतं. पण एका मुलीने विचारलं, निस्पंद हलतच नाही, तर शेवटच्या लूपला ऊर्जा मिळते कुठून?

फार मोलाचा प्रश्न आहे. परावर्तित (टोकावरून परतणारा) तरंग किंचित क्षीण असतो, त्यामुळे निस्पंद पूर्ण स्तब्ध नसतो, हे मला ठाऊक आहे. गणिताशिवाय हे कसं समजवाल? निस्पंदाचं जवळून घेतलेलं स्लो मोशन चित्रण असेल तर कृपया द्या.