१९७४ चं स्की-डू एलान फुकटात मिळालंय, इंजिन जॅम आहे, सुरुवात कुठून करू?

सडबरीचा_सातारकर

नमस्कार मंडळी, हा विषय इथे कितपत चालेल माहीत नाही पण इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर तिथले म्हातारे तीन शब्दांत उत्तर देतात आणि ते तीन शब्द म्हणजे पण पार्ट नंबरच असतात, म्हणून म्हटलं आपल्या माणसांना विचारू.

मी ओंटारियोत सडबरीला असतो. शेजारच्या आजोबांनी घर विकलं, त्यांची शेड रिकामी करायला मदतीला गेलो होतो तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली हे पिवळं धूड. स्की-डू एलान, १९७४ चं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, वर लांब सीट आणि स्कूटरसारखं हँडल. बर्फावरची लूनाच म्हणा ना. आजोबा म्हणाले नेतोस तर ने नाहीतर भंगारात जाईल, आणि वर ते जगप्रसिद्ध वाक्य, "बंद केली तेव्हा चालू होती". बंद कधी केली विचारलं तर म्हणाले मुलगी कॉलेजला गेली त्या वर्षी. त्या मुलीला आता नातू आहे.

तर अवस्था अशी: सिंगल सिलेंडर २४७ सीसीचं रोटॅक्स टू-स्ट्रोक इंजिन आहे, स्टार्टरची दोरी ओढली तर इंचभरही येत नाही. सीटचा स्पंज पाणी पिऊन बसलाय. पट्ट्याला बारीक तडे आहेत पण दोरे कुठे बाहेर आलेले नाहीत. हूडला एक मोठी चीर. गाडी चालवण्यापलीकडे मला काही येत नाही पण साताऱ्याला वडिलांची राजदूत मी सोळाव्या वर्षी खोलली होती (लावली दुसऱ्याने, ते सोडा).

माझा प्लॅन असा की आधी सगळं घासून पिवळा रंग मारायचा, स्टिकर ऑनलाइन मिळतात ते लावायचे, म्हणजे जरा हुरूप येईल, मग निवांत इंजिन. बरोबर आहे का? बायको विचारतेय की जानेवारीत उणे तीस असताना आपली गाडी बाहेर आणि हे आत असं किती दिवस. तिलाही काहीतरी तारीख सांगायचीय.

चेतकवाला_पुणे

भाऊ, रंगाचा डबा आधी लपवून ठेव. आमच्याकडे पण लोक येतात, चेतकला आधी पावडर कोटिंग करून आणतात आणि मग इंजिन उतरवताना सगळ्या रंगाला पाने लागून चरे पडतात. इंजिन, मग चासी, मग रंग. आणि खरं सांगू, मूळ रंग जितका टिकलाय तितका ठेव, पन्नास वर्षांचे ओरखडे परत विकत मिळत नाहीत.

स्की-डू मी आयुष्यात पाहिलेलं नाही, पण टू-स्ट्रोक सिंगल म्हटल्यावर तो माझा माणूस. प्लग काढ, भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल अर्धं अर्धं करून भर आणि चार दिवस विसरून जा. प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनवर हातोडा मारू नकोस, हे मी मुद्दाम सांगतोय कारण माणूस तिसऱ्या दिवशी हेच करतो. पिस्टनला भोक पडतं. त्यापेक्षा हेड काढ, ब्लॉकचे नट सैल कर आणि लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोक.

आणि एक, हे मशीन बेल्टवर चालतं ना? म्हणजे क्लचवर पुलीच्या दोन थाळ्या आणि आरपीएम वाढला की त्या जवळ येतात? अरे मग ती कायनेटिक होंडाच झाली की! आमच्याकडे ८४ नंतर कायनेटिक होंडा आली तेव्हा जुने मिस्त्री त्या व्हेरिएटरला हात लावायला घाबरायचे, गिअर कुठेत म्हणून शोधत बसायचे. बेल्टची रुंदी मोज, कडा चकचकीत आणि कडक झाल्या असतील तर बेल्ट बदल, पुलीच्या थाळ्या फक्त स्वच्छ कर, तेल अजिबात नको.

मिनेसोटा_माई

दादा अभिनंदन, एलान म्हणजे फारच चांगलं पहिलं मशीन! १९७१ च्या मॉडेलपासून थेट १९९६ पर्यंत हे बनत होतं, त्यामुळे पार्ट्स मिळतात. आमच्याकडे तर हिवाळ्याआधी जुन्या पार्ट्सचे बाजार भरतात, लोक पिकअपच्या मागे कार्ब्युरेटर मांडून बसतात, अगदी भाजी मंडई. घासाघीस पण तशीच चालते.

माझ्या नवऱ्याने आणि मी (खरं तर मी, तो टॉर्च धरतो) असंच एक बंद मशीन केलं होतं, त्यातून शिकलेली गोष्ट सांगते. इंजिनवर जो पत्र्याचा फॅनचा झाकणवजा बोगदा आहे तो काढून बघा, त्यात हमखास उंदराचं घर असतं. या इंजिनला हवा फॅनने मिळते, रेडिएटर वगैरे काही नाही, तो बोगदा तुंबला की सिलेंडर भाजतो आणि बाहेरून काही कळत नाही. आमच्यात मूठभर सीटचा स्पंज निघाला, म्हणजे सीट खाल्ली कोणी हे पण कळलं.

दुसरं, कार्ब्युरेटर टिलॉटसनचा असेल, त्यात फ्लोट नसतो, रबरी पडदे असतात आणि क्रँककेसमधल्या दाबाने पेट्रोल वर खेचलं जातं. इतक्या वर्षांत ते पडदे पापडासारखे झालेले असणार. किट घ्या, तासाभराचं काम आहे. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या फेका, आणि इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर तेच घाला, जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही.

आणि गॅरेजचं दार बंद करून सुरू करू नका हो, बाहेर कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात त्याचा अलार्म असेलच, गॅरेजमध्ये पण एक लावा.

चेतकवाला_पुणे

इथेनॉलचं दुखणं आम्हाला विचारा ताई, इकडे पंपावर ई२० आहे आणि माझ्याकडे आरएक्स १०० च्या टाक्या आणि नळ्यांची रांग लागलीय.

निवृत्त_सुभेदार

मी सैन्यात ईएमईला (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) होतो, उंचावर स्नो स्कूटर सांभाळल्यात, त्यामुळे थोडं बोलतो. वरच्या सगळ्यांनी बरोबर सांगितलं पण मुख्य गोष्ट राहिली, ती म्हणजे क्रँकचे ऑइल सील. चार-स्ट्रोकमध्ये सील गेलं तर जमिनीवर तेल पडतं आणि लगेच कळतं, टू-स्ट्रोकमध्ये सील गेलं तर काहीच पडत नाही, फक्त बाहेरची हवा आत जाते आणि मिक्स्चर पातळ होतं. पेट्रोलमध्येच तेल असतं, म्हणजे पेट्रोल कमी तर तेल पण कमी. मशीन पहिल्यांदा सुरू होतं, मस्त पळतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तळ्याच्या मधोमध जाऊन जॅम होतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनचे सील न बघता सुरू करणं म्हणजे नवा पिस्टन घालून तो पण घालवणं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. इनटेक आणि सायलेन्सरचं तोंड रबरी पत्री लावून बंद करा, प्लगच्या भोकात एक नळी बसवा आणि घरातल्या ब्लड प्रेशरच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ त्याला जोडा. पाऱ्याचे ३०० मिमी म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय, तितकाच दाब हवा. पाच मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. सील साधारण मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) बाजूचं आधी जातं असा माझा अनुभव.

पिस्टन बाहेर आला की फेकू नका, आधी वाचा. चारी कोपऱ्यांना सारख्या खुणा असतील तर थंड इंजिन एकदम पिळलंय, पिस्टन फुगला आणि सिलेंडर अजून गार होता. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरबाडलेलं असेल तर उष्णता किंवा पातळ मिक्स्चर. काहीच ओरखडा नाही, नुसता गंज, तर तुम्ही नशीबवान.

सडबरीचा_सातारकर

अरे व्वा, इतकं सगळं! बीपीचं मशीन सासऱ्यांचं आहे, ते पुढच्या महिन्यात भारतातून येतायत आणि रोज सकाळी मोजतात, त्यांच्या आधी काम उरकायला हवं.

एक अडलंय, मॅग्नेटचा नट सुटत नाही, इंजिन आता थोडं हलतंय त्यामुळे पाना लावला की सगळंच फिरतं. इथे कोणीतरी सांगितलं प्लगच्या भोकातून दोरी घाला, म्हणजे पिस्टन अडेल आणि इंजिन फिरणार नाही.

निवृत्त_सुभेदार

दोरी चालते पण टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतली भोकं, असतात हे विसरू नका. पिस्टन वर येऊन पोर्ट बंद झाले की मगच दोरी सोडा, नाहीतर ती पोर्टमध्ये अडकते आणि कापली जाते, मग तिचा तुकडा शोधत बसा. आणि नट निघाला की मॅग्नेट पुलरनेच काढा, कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. क्लच पण तसाच, टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसलेला असतो, त्याचा वेगळा पुलर येतो, आणि आतली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेवून झाकण उघडा.

कुर्ल्याचा_कॅनडियन

मला मशीनमधलं काही कळत नाही पण क्वीबेकला व्हॅलकूरमध्ये बॉम्बार्डियरचं म्युझियम आहे तिथे गेलो होतो, त्यांचं जुनं गॅरेज पण ठेवलंय. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डियर पंधरा वर्षांचे होते तेव्हा १९२२ मध्ये जुन्या फोर्डचं इंजिन आणि पंखा लावून पहिली बर्फगाडी केली. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा लहान मुलगा पोटातल्या संसर्गाने गेला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेताच आलं नाही. १९३७ मध्ये दात्याच्या चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचं पेटंट मिळालं, आणि मग त्या लाकडी बॉडीच्या गाड्या, बी-७ आणि बी-१२, सात आणि बारा माणसांच्या. क्वीबेकमध्ये हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायला लागल्यावर त्या मोठ्या गाड्यांचा धंदा बसला. स्की-डू त्यानंतर १९५९ ला आलं, आणि नाव म्हणे स्की-डॉग ठरलं होतं, चुकून डू झालं. तुमच्या एलानचा पट्टा बघताना हे आठवलं इतकंच, चालू द्या.

मिनेसोटा_माई

त्या पट्ट्याचं विसरूच नका, तडे वरवरचे असतील तर चालेल पण तो उलटा करून दात्याच्या भोकांच्या कडा बघा, तिथे फाटलं असेल तर बदलायलाच हवा. आणि खालच्या बोगी व्हीलची (पट्ट्याच्या आतल्या छोट्या चाकांची) बेअरिंग एकेक फिरवून बघा, एखादं जरी जॅम असेल तर ते रबर खात बसतं.

सडबरीचा_सातारकर

तीन आठवड्यांनी परत आलोय, अपडेट.

माईताई, उंदराचं घर होतं. साधंसुधं नाही, दुमजली. सीटचा स्पंज, गुलाबी इन्सुलेशन आणि सूर्यफुलाच्या बियांची इतकी टरफलं की आजोबांना फोन करून विचारलं तर म्हणाले पक्ष्यांच्या दाण्याचं पोतं तिथेच शेजारी असायचं. फॅनच्या बाजूचा निम्मा बोगदा बंद. आणि पिस्टनवर फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे, बोटभर लांब, ॲल्युमिनियम बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेलं. म्हणजे आजोबांनी चालू असताना बंद केली नव्हती, ती बंद पडली होती, आणि उंदीर तेव्हापासूनच भाडेकरू होते. हे त्यांना सांगितलेलं नाही.

पण सुभेदारसाहेब, तुमची टेस्ट पण केली आणि मॅग्नेटच्या बाजूने बुडबुडेच बुडबुडे. आता उंदरामुळे झालं का सीलमुळे?

निवृत्त_सुभेदार

सील तेव्हा गेलं होतं का नंतर पडून पडून कडक झालं हे आता कोणीच सांगू शकत नाही. दोन्ही बाजूंची सील बदला, बोगदा साफ करा.

चेतकवाला_पुणे

बोअरला चिकटलेलं ॲल्युमिनियम असेल तर लगेच बोअरिंगला नेऊ नकोस. बोअर लोखंडी आहे, फरशी धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीने फक्त त्या पट्ट्यावर लाव, फेस येतो तोवर ॲल्युमिनियम विरघळतंय, मग भरपूर पाण्याने धू आणि लगेच तेल लाव नाहीतर डोळ्यांदेखत गंजतं. पोर्टच्या बाहेर ॲल्युमिनियम असेल तिथे थेंब जाऊ देऊ नको. हातमोजे, चष्मा, उघड्यावर. मग होन मारून (आतून हलकं घासून) माप घे. मूळ बोअर ६९ मिमी आणि स्ट्रोक ६६ मिमी आहे ना, तर लेथवाल्याला अंदाजाने "हाफ साइज कर" असं सांगू नको, आधी पिस्टन हातात घे, तो मोज आणि त्याप्रमाणे बोअर कर. आमच्याकडे आरएक्सचा ५० चा ब्लॉक लोक उलट्या क्रमाने करून आणतात आणि मग रडतात.

आणि जुनी ब्रेकची पॅडं, गास्केट कोरडी घासू नको, त्या काळच्या मालात ॲसबेस्टॉस असू शकतं.

सडबरीचा_सातारकर

ॲसिडने साफ झालं! एक चर नखाला लागते अजून, त्यामुळे बोअर करावाच लागणार, पिस्टन मागवलाय. सासरे आले, बीपीचं मशीन वेळेत परत ठेवलं पण फुग्याला साबणाचा वास येतोय असं ते दोनदा म्हणाले. रंगाचा डबा तसाच बंद आहे. कार्ब्युरेटर उघडून बसलोय, माईताई, किटमध्ये दोन पडदे सारखेच दिसतायत, एकाला मधे धातूची टिकली आहे, तो सुईच्या बाजूला ना?

मिनेसोटा_माई

हो, टिकलीवाला सुईच्या लिव्हरवर, दुसरा पंपाच्या बाजूला. गास्केट आधी का पडदा आधी हे दोन्हीकडे वेगळं आहे, जुना काढताना फोटो काढला होतात ना?

सडबरीचा_सातारकर

...नाही.

मिनेसोटा_माई

माझ्याकडे आहे, संध्याकाळी टाकते. तोवर हात लावू नका.