कुंडीतील हाबानेरो आणि आंबवलेला हॉट सॉस : सल्ला हवा आहे

माझ्याकडे कुंड्यांत हाबानेरो मिरचीची रोपे आहेत. पाने दाट आणि हिरवीगार आहेत, मात्र कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. मिरच्या धरल्यास त्यांचा आंबवलेला सॉस करण्याचा मानस आहे. फुलगळ कशी थांबवावी आणि सॉस निर्धोक राहण्यासाठी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

पाने दाट असूनही कळी टिकत नसेल, तर नत्रयुक्त खत काही काळ बंद करून पालाश अधिक असलेले खत द्यावे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर किंवा रात्रीचे १५ अंशांच्या खाली गेले तरीही फुले गळतात. अशा वेळी कडक उन्हात दुपारपुरती सावली करणे एवढेच आपल्या हाती असते.

सॉससाठी मिरच्या धुऊन, देठ काढून, भरड वाटाव्यात आणि वजनाच्या ३ टक्के मीठ घालावे. हे मीठ चमच्याने न मोजता काट्यावरच तोलावे, असा माझा आग्रह आहे, कारण घातक जिवाणूंना रोखून लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना वाव देण्याचे काम त्या प्रमाणावर अवलंबून असते. दोन-तीन दिवसांत बरणीच्या काचेलगत बारीक बुडबुडे चढू लागतात, गर वर उचलला जातो आणि तळाशी पाणी साठते. तो गर रोज स्वच्छ चमच्याने खाली दाबावा आणि साठलेला वायू बाहेर पडू द्यावा. पाणी गढूळ होणे स्वाभाविक आहे. परंतु केसाळ, रंगीत बुरशी दिसल्यास वरचा थर काढून भागत नाही, संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. बॉटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामूत (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक) वाढत नाहीत. तरीही घरगुती मोजणीतील चूक गृहीत धरून सामू ४ च्या खाली आणावा आणि गरज पडल्यास व्हिनेगर घालावे. गाजर किंवा कांदा मागाहून मिसळल्यास सामू वाढतो, म्हणून सर्व जिन्नस घातल्यावर पुन्हा मोजावा.

तिखटपणा बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात असतो; तो काढल्यास हाबानेरोचा फळासारखा सुगंध राहतो आणि जहालपणा बराच उतरतो. हातमोजे मात्र अवश्य घालावेत. न उकळलेला सॉस बाटलीतही आंबत राहतो, त्यामुळे तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि झाकण अधूनमधून सैल करावे.