स्वर्ग आणि दुर्बीण
'हबल, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणींनी एवढं आकाश धुंडाळलं, स्वर्ग कुठे दिसला?' हा मुद्दा वाचायला भारी वाटतो पण नेम चुकलाय. दुसरे जॉन पॉल पोप असताना जुलै १९९९ मध्ये त्यांनीच सांगितलं होतं की स्वर्ग म्हणजे ढगातली एखादी जागा नाही, देवाशी असलेलं जिवंत नातं आहे.

शंका घ्यायचीच तर पुनरुत्थानावर घ्या ना, नायसीन क्रीडमध्ये, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या कबुलीत, आशा आहे ती मेलेले उठण्याची, नुसता आत्मा वर जाण्याची नाही, आणि ते मानणं खरंच अवघड आहे. आमच्या वसईत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्यांत डॉक्टर-इंजिनियरही असतात, त्यांना विचारलं तर ढगबिग कोणी बोलत नाही, आई परत भेटेल एवढंच म्हणतात.